आबांचा आणि आमचा एकच तुकडा

मंडळी, आज दुपारी माझ्या चार वर्षांच्या लेकीला, ईराला घेऊन नकाशाचं पझल आणायला गेले होते. मला महाराष्ट्राचं हवं होतं, जिल्ह्यांचे तुकडे असलेलं. तिनं भारताचं उचललं. "याचे तुकडे मोठे आहेत, माझ्या हातात बसतात." मी नाक मुरडलं, पण घेतलं.

घरी आल्यावर तिनं महाराष्ट्राचा तुकडा हातात धरला. "आपली मुकुंदवाडी कुठंय?" म्हटलं, यातच. "आणि आबांचं देवगाव?" म्हटलं, तेही यातच.

झालं! लगेच माझ्या वडिलांना फोन. "आबा, आपण एकाच तुकड्यात राहतो. मग तुम्ही येत का नाही?"

दिवाळीपासून आबा आलेले नाहीत. शेताचं निमित्त कायम तयार. मी बोलावून थकले. आज मात्र ते म्हणाले, "व्हय की गं माय! एकाच तुकड्यात हाय म्हणल्यावर लई लांब नाय. उद्या सकाळच्या एसटीनं येतो."

जिल्ह्यांचं पझल घेतलं असतं तरी आम्ही एकाच तुकड्यात आलो असतो. तालुक्यांच्या पझलमध्ये मात्र आबा वेगळे पडले असते. तेव्हा तालुक्यांचं पझल कुठं मिळत असेल, तर कृपा करून ईराला सांगू नका.