अक्काचं रक्त आणि अक्काची छाती

मी आज जो काही आहे तो थोरल्या बहिणीमुळे, अक्कामुळे. वडील, म्हणजे अण्णा, दम्यानं गेले तेव्हा मी आठवीत होतो. अक्का परळीजवळ वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटा पाडायला जाऊ लागली आणि माझी शाळा चालू राहिली. काम सुटलं की ती गुळाचा खडा चघळायची. गुळानं छातीतली राख खाली उतरते, असं तिथल्या बायका मानतात.

घराण्यातला पहिला पदवीधर होऊन मी पुण्यात एका प्रयोगशाळेत लागलो. डीएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक जागं, कोणतं गप्प, हे त्यांवर बरंचसं ठरतं. काही खुणा धुरा-धुळीनं बदलतात, काही आईबापांकडून आलेल्या फरकामुळेच तशा बसतात. आम्ही त्या मोजत होतो. भावंडांचे नमुने हवे होते, म्हणून माझ्याबरोबर अक्कानंही रक्त दिलं.

पुढे एकदा तिचा फोन आला. बोलता बोलता खोकत होती.

"खरं सांग, भाऊ. हे राखंचं हाय का आपल्या रक्तातलं? राखंचं असलं तर काम सोडते."

मी कधी राखेत काम केलं नव्हतं, तरी दम्याशी संबंध असलेल्या एका जनुकाजवळची खूण आम्हा दोघांत सारखीच निघाली होती. मी ठामपणे म्हणालो, "रक्तातलंच हाय, अक्का. अण्णांकडून आलंय."

ती हसली. "मग राखंला कशाला शिव्या देऊ? अण्णा लई दानशूर बघ. शेत न्हाई, दमा दिला."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.

तीन महिन्यांनी मी तो निकाल बैठकीत मांडला. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "हे रक्तातलं झालं. फुप्फुसातलं कुठं पाहिलंस?"

ते मी पाहिलंच नव्हतं. एकच वारसा रक्तात एक खूण उमटवतो आणि फुप्फुसात कदाचित वेगळीच, हे मला पाठ होतं. पण आमच्याकडे रक्त म्हणजे अख्खा माणूस. ती समजूत मी पांढरा कोट घालूनही सोडली नव्हती.

फोनवर अक्का माझ्या 'हो'ला हो करते. कागद मात्र दोनदा वाचते. म्हणून लिहिलं:

"अक्का, मी तुला चुकीचं सांगितलं. मी फक्त तुझं रक्त पाहिलं, छाती पाहिली नाही. रक्तावरून राख निर्दोष ठरत नाही. अण्णांकडून काही आलंच असेल, तर राख तुला जास्त बाधत असेल. गुळानं ती उतरत नाही. हे माहीत असून मी कधी बोललो नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ. रविवारी येतो. तोवर कामावर जाऊ नको."