अक्काच्या वहीची उजवी बाजू

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, महादेवी अक्कावर. कुठं? आपल्याच गावच्या शाळेत, दहावीच्या वर्गात. कधी? दुपारी सव्वाबारा ते एक, इंग्रजीच्या तासाला, पोळा झाल्यापासून परीक्षेपर्यंत, रविवार सोडून रोज. कुणी केला ते पुढं येतंच. महादेवाच्या ओट्यावर बसून माझं हे पत्रक वाचत असाल तर तोवर उठू नका.

गाव सोडलं त्या सकाळी औशाच्या स्टँडवर मला पोचवायला घरचे तिघं आले होते. आमच्या वडलांनी, अप्पांनी, ट्रंक टपावर चढवली. अव्वानं, म्हणजे आईनं, धपाट्यांचं गाठोडं मांडीवर ठेवलं आणि नांदेडचं पाणी गाळून पी म्हणाली. गाडी सुरू झाल्यावर अक्कानं खिडकीतून एक वही आत सारली.

"तुझं पुरं हाय, माझं अर्धं. टाईम मिळाला तर उरलेलं लिहून धाड. न्हाई मिळाला तर तसं कळव."

अव्वाच्या आजारपणात अक्काचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात आलो. मी पोरांच्या रांगेत, ती पोरींच्या. इंग्रजीच्या सरांची एक पद्धत होती. आधी फळ्याची डावी बाजू वरपासून खालपर्यंत भरायची, सगळ्यांनी उतरवून घ्यायची, मग उजवी. 'हॅव' हे एकच क्रियापद त्यांनी महिनाभर असं घोटून घेतलं. डावीकडं 'वुई हॅव अ वेल', उजवीकडं 'बट वुई डू नॉट हॅव वॉटर'. आमच्याकडं विहीर आहे, पण पाणी नाही. सरांना उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

डावी बाजू संपत आली की टँकरचा हॉर्न वाजायचा. शाळेमागच्या कोरड्या विहिरीत टँकर मोकळा व्हायचा. जो आधी शेंदेल त्याला नितळ, मागून येईल त्याला गाळ. त्यामुळं हॉर्न वाजला की पोरींची रांग उठायची. कुणी परवानगी मागत नसे, कुणी देत नसे. सर खडू हातात धरून क्षणभर थांबायचे आणि उरलेल्या आम्हा पोरांसाठी उजवी बाजू लिहायला घ्यायचे. लातूर जिल्हा नवा झाला, गावात पेढे वाटले, त्या आठवड्यात सरांनी डावीकडं 'वुई हॅव अ न्यू डिस्ट्रिक्ट' लिहिलं. उजवीकडं त्यांनी आपल्या रस्त्याचं लिहिलं. ते वाचून आम्ही पोरं पोट धरून हसलो. पोरी तेव्हा पोहरे सोडत होत्या. त्यांच्या वहीत नुसता जिल्हा आहे.

आता कुणी केलं ते. टँकरवाल्यानं सकाळी सातला येतो म्हणून सांगितलं होतं. मी तिथं होतो, मी ऐकलंय. ओट्यावरच्या शहाण्या माणसांनी त्याला दुपारची वेळ दिली. आमचे अप्पाच पुढं झाले होते.

"बाराच्या पुढं आण. पोरी शाळंत एका जागी सापडतात, हीर मागंच हाय. घरोघर हाका मारायला नगं."

सगळ्यांना पटलं. शाळा कशासाठी असते, तर पाण्यासाठी पोरी गोळा करून ठेवायला. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि हे लिहिताना मला स्वतःचाच लई राग येतो. वर्षभर मी बाकावर बसून राहिलो आणि बहीण पुढ्यातून उठून जाताना बघत राहिलो. परीक्षेत नेमकं तेच आलं, वाक्याचा उलटा भाग पुरा करा. अक्कानं सगळीकडं 'बट' लिहिलं आणि पुढं जागा सोडली. बाकी विषय सुटले, इंग्रजी राहिलं.

मी नांदेडला डिप्लोमाला लागलो. मेस, प्रॅक्टिकल, सबमिशन, अशी नवी भाषा तोंडात बसली. संध्याकाळी आम्ही विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी बघायला जायचो, आणि पहिल्यांदा ते बघून मला आनंद झाला नाही, चीड आली. होस्टेलचा नळ अंघोळीच्या वेळेला बंद राहायचा. मी त्यावर पत्रक काढलं, सह्या गोळा केल्या, आठवड्यात नळाची वेळ बदलून घेतली. खोलीतला मुदखेडचा दोस्त म्हणाला, तू तर पुढारी झालास. मी फुगलो. टँकरची वेळही बदलता येते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अक्काची वही ट्रंकेत होती. कच्च्या कामाला कागद लागायचा, आणि तिच्या प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी होती. मी तिथं गणितं केली. एकदा दोस्तानं विचारलं, ही कुणाची रे? मी म्हणालो, धाकट्या बहिणीची. थोरलीचं इंग्रजी राहिलं हे सांगायची लाज वाटली.

संक्रांतीला गावी आलो तेव्हा अक्कानं ट्रंक उघडून वही काढली. पानं उलटत शेवटापर्यंत गेली.

"चांगलं झालं. जागा तर वाया न्हाई गेली."

 त्याच दिवशी नवी वही आणून दोन्ही बाजू लिहायला बसलो. नुसतं उतरवून इंग्रजी येत नाही हे मलाही माहीत होतं. अक्कानं पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरलाय, आणि सरांनी तिला त्या तासाला मागच्या बाकावर बसू दिलंय. पण दुष्काळ हटला नाही आणि हॉर्न अजून त्याच वेळेला वाजतो.

मग अक्काच्या जागी मी पोहरा उचलला. सुटीचे आठ दिवस, रोज. ओट्यावरून आवाज यायचे, "काय इंजिनेर, हेच शिकवतेत का नांदेडला?" अप्पा तिकडं तोंड फिरवून बसायचे. हात सोलले, अव्वानं तेल लावलं. आठ दिवस अक्का पुरा तास बसली. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि आठ दिवसांची पानं दोन्हीकडून भरली.

मी नांदेडला परत आलो. मागोमाग तिचं कार्ड आलं, एक ओळीचं. "तू गेलास, घागर परत आली."

मेसमध्ये पोरं विचारतात, घरची आठवण येते का. येते. सव्वाबाराला येते. घर म्हणजे आता माझ्यासाठी ती वेळ आहे, आणि त्या वेळेला मी तिथं नसतो.

तुम्ही असता. परीक्षा मार्चमध्ये आहे. टँकरला सकाळी सातची वेळ द्या, आणि ती मिळेपर्यंत दुपारी हॉर्न वाजला की ओट्यावरून उठा, विहिरीवर जा आणि पोहरा स्वतः सोडा. सोमवारपासून. अप्पा, पहिले तुम्ही.