सज्ज्याखालचा तिसरा खांब

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. लालबागच्या चाळीत वाढलो, घरात देवचाराच्या गोष्टी पोत्याने ऐकल्या आणि सांगणाऱ्यांची टर उडवली. जुन्या इमारती तपासणं हा माझा धंदा. लाकूड, चुना, दगड... हाताला लागेल तेवढंच खरं.

गेल्या वर्षी भायखळ्याजवळच्या एका जुन्या चर्चचं काम आलं. नाव सांगत नाही. मुख्य दारातून आत शिरलं की डोक्यावर गाणाऱ्यांचा लाकडी सज्जा, खाली सहा सागवानी खांब. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. सज्जा ठेवायचा की पाडून काँक्रीटचा बांधायचा, एवढंच ठरवायचं होतं. सोबत संदीप — शाळेपासून एका बाकावरचे आम्ही. अहवालाच्या कोऱ्या पानावर त्याने माझी सही आधीच घेऊन ठेवली. "तू खांब बघ रे, टायपिंग मी करतो." आमचं नेहमीचंच होतं ते.

लाकूड तपासायची साधी रीत — लाकडी हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव असेल तर ठक्क, वाळवीने खाल्लं असेल तर ढब्ब. तीन दिवस मी सहाही खांब ठोकले. ठक्क! फेलिसा आंटी रोज वेदीवरची फुलं बदलायला यायच्या. त्यांचे मिस्टर हयात असेपर्यंत याच सज्ज्यात व्हायोलिन वाजवायचे.

"राहील ना रे सज्जा?" त्यांनी विचारलं.

"आंटी, माझा शब्द. एकदम सॉलिड आहे."

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर संदीपने चर्चच्या कमिटीसमोर अहवाल वाचला. सगळे खांब पोखरलेले, सज्जा पाडावा. खाली माझी सही! काँक्रीटवाल्याशी त्याचं आधीच जमलं होतं, हे मला मागाहून कळलं. केसाने गळा कापला त्याने माझा.

"खोटं आहे हे!" मी भर चर्चमध्ये ओरडलो.

"मग वाजवून दाखव ना," तो म्हणाला. नुसता आव आणत होता, आवाज कापत होता त्याचा.

मी तिसऱ्या खांबावर हातोडी मारली. ढब्ब. चौथा... ढब्ब. सहाच्या सहा! माझीच हातोडी, माझाच हात. संदीपचं तोंडसुद्धा पांढरं पडलं. आंटी उठून बाहेर निघून गेल्या.

सज्जा पाडला. दोन दिवसांनी आंटींनी फोन करून बोलावलं. अंगणात कापलेले खांब पडले होते — आतून लालसर, भरीव, वाळवीचं एक भोक नाही. त्यांनी तिसऱ्या खांबाचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला.

"सॉलिड आहे बोललेलास, खरंच बोललेलास. मग बाबा, सही का केलीस?"

तो तुकडा घरी शोकेसवर आहे. बायकोने ठोकला की ठक्क, मुलीने ठोकला की ठक्क. मी ठोकला की ढब्ब... आजही. सुतारांना दाखवला, एका इंजिनिअरला दाखवला, सगळे मान हलवतात. असं का होतं, मला खरंच माहीत नाही.

आंटींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माहीत होतं. मित्र म्हणाला म्हणून केली. ते काही त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं नाही.