टँकर असेपर्यंतचं राज्य

आमच्या देवासच्या गल्लीत स्कूटर दुरुस्त करणारा एक जण आहे. पाना फिरवत दिवसभर त्याचं एकच बोलणं: "सरकार पाहिजेच कशाला, भिया? या गावात एकाच वेळी दोन-दोन राजे होते, तरी नाली आपल्या आजोबांनीच उपसली!" मी जेमतेम चौथी शिकलेला, पण हे मला पटायचं.

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की हाच गडी गळ्यात शिट्टी अडकवून रांगेपुढे उभा. परवा घरी व्याही यायचे होते आणि माठात थेंब नव्हता. मी माझा डबा हळूच पुढे सरकवला. शिट्टी वाजली. सगळ्यांदेखत त्यानं डबा उचलून शेवटी नेऊन ठेवला.

"अरे, माझं वय बघ!"

"रांगेला वय नसतं, काका."

माझा नंबर येण्याआधीच टँकर रिकामा झाला. मी तणतणत त्याच्या दुकानात गेलो. शिट्टी खिळ्याला टांगलेली होती. म्हटलं, "मोठा कायदा लावतोस ना? मग आता सोड कुणाला तरी हुकूम, मला हंडाभर पाणी द्यायचा."

"टँकर गेला, काका. माझं राज्य खतम." एवढं बोलून त्यानं स्वतःच्या घरातला भरलेला हंडा उचलला आणि माझ्या दारात आणून ठेवला. मी काही आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डबा आपणहून शेवटी ठेवला. तो गालात हसला.

"तुझ्या शिट्टीला भिऊन नाही," मी बजावलं. "आज उठायलाच उशीर झाला."