ऊन लागलंय, असं मी म्हणालो

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. डॉक्टर नव्हे, पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे छोट्या दवाखान्यात, ताप मोजणारा, पट्ट्या बांधणारा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका मे महिन्यात, मी आणि लान्स नायक सुकलाल एकाच गाडीने दोन महिन्यांच्या रजेवर आलो. दोघंही चोपड्याकडच्या एकाच गावचे. तो अठ्ठावीस वर्षांचा. पलटणीच्या दौडीत त्याचा पहिला नंबर ठरलेला.

प्रवासातच त्याने माझी वॉटर बॉटल रिकामी केली. प्रत्येक स्टेशनवर नळ गाठायचा आणि परत आला की शौचालय. "सुक्या, तुझी टाकी गळतेय," मी चिडवलं. तो हसला. त्याचा पट्टा दोन भोकं आत गेलेला मी पाहिला होता. पोस्टवरून उतरलेला जवान वाळलेलाच असतो, असं मी धरून चाललो. आणि मेमध्ये आमच्याकडे पाणी कोण पीत नाही?

आठवड्याने सकाळी सातला त्याची आई माझ्या दारात आली.

"भाऊ, चाल लवकर. सुकाले उलट्या व्हई ऱ्हायन्यात. पोट धरीसन बठेल शे."

मी गेलो. जीभ कोरडी, नाडी जलद.

"उस्ताद, बठ्ठं धुरकट दिखी ऱ्हायनं," सुकलाल डोळे चोळत म्हणाला.

खोलीत केळी पिकायला घातली होती, गोड वास भरला होता. "ऊन लागलंय," मी छातीठोकपणे सांगितलं. त्या घरात माझा शब्द शेवटचा असे. साडेसातला ग्लुकोजचं पाणी केलं आणि स्वतःच्या हाताने पाजलं. मग दर अर्ध्या तासाने एक ग्लास. वेळ एकदाही चुकवली नाही.

अकराला तो खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागला, नुकताच दौड संपवून आल्यासारखा. हाक मारली की डोळे उघडायचा, लगेच मिटायचा. मी घाबरलो. गावातली जीप घेतली, त्याच्या आईला पुढे बसवलं आणि जळगावला निघालो.

तापीच्या पुलावर गरम वारा तोंडावर येत होता. सुकलालचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो गोड वास तिथेही आला. जीपमध्ये केळी नव्हती. मी वाकून त्याच्या तोंडाशी नाक नेलं. वास त्याच्या श्वासाला होता. तहान, लघवी, उतरलेलं वजन, धूसर नजर, उलट्या, तो श्वास, तो वास. ट्रेनिंगमध्ये हे सगळं पाठ करून मी पास झालो होतो.

"जोरमा चालाड!" मी ड्रायव्हरवर ओरडलो. आवाज माझा वाटत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांना रिपोर्ट दिला.

"सर, रक्तातली साखर चढली असावी. फार."

"काय दिलंत?"

"ग्लुकोज, सर. सात ग्लास."

त्यांनी लगेच लघवी तपासली, नळीतलं निळं औषध विटकरी झालं, म्हणजे साखर भरपूर. इन्सुलिन, सलाइन सुरू केलं. चार वाजून दहा मिनिटांनी सुकलाल गेला.

बाहेर त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. "भाऊ, तू ते पलटनमा बठ्ठासले दवा देस," ती म्हणाली. "तुले बी नही समजनं?"

"माले समजाले पाहिजे व्हतं, माय."

तो रजेवर, आजाराने गेला. म्हणून वीरगती मिळालेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. माजी सैनिकांच्या मेळाव्यात ती यादी वाचून झाली की मी उभा राहतो. रँक आणि नाव सांगतो: लान्स नायक सुकलाल. पाणी पिऊनही तहान भागत नसेल, माणूस झडत चालला असेल, तर आधी साखर तपासा, एवढं सांगतो. मग तो कसा गेला ते सांगतो, आणि ग्लास माझ्या हातात होता हेही सांगतो.