रिकाम्या नाक्यावरचा थांबा

मामा गेल्याचं कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं... हे लिहायला मला संकोच वाटत नाही. वर्षभर अंथरुणाला खिळलेला तो माणूस आमचा मामा नव्हताच. आमचे मामा म्हणजे जीपखाली उताणे पडलेले, नुसते पाय बाहेर.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली जुनी जीप त्यांनी घेतली आणि जैनाबादच्या मळ्यातली केळी धूलकोटपलीकडे, संस्थानी हद्दीत न्यायला लागले. हद्दीवर जकातनाका होता. तिथला कारकून घड न् घड तपासायचा, तोवर मामा खाली शिरायचे. रस्त्यावर पडलेलं केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टला गुंडाळलं जातं, सांध्यात घुसतं, आणि मग आतलं ग्रीस गळून जातं. ते सोपट कापायचं, बोल्ट आवळायचे, ग्रीस भरायचं... आणि हात चालू असताना तोंडानं नाकेवाल्याचा उद्धार.

संस्थानं विलीन झाली, नाका उठला. मामीचं माहेर हद्दीपलीकडेच, त्यामुळे तिला कोण आनंद. आता मामा सुसाट जात. थांबायचं कारण गेलं आणि त्याबरोबर खाली बघणंही गेलं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. काही आठवड्यांनी घाटात कोरडा पडलेला सांधा तुटला आणि सुटलेला शाफ्ट मामीच्या सीटखालच्या पत्र्यावर दणादण आपटू लागला. मी मागे बसले होते. जीप थांबली ती दरीच्या काठाशी. मामांनी मागच्या चाकांचा तो शाफ्ट काढून टाकला, नुसत्या पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी घरी आणली. इतवाऱ्यातल्या घरापाशी उतरल्यावर मामी म्हणाली, "मी आता या गाडीत बसनार नाही. माहेर राह्यलं तरी चालीन."

तिकडे एसटी नव्हती, बैलगाडीनं दोन मुक्काम. आणि पलीकडे तिची आई थकलेली. मामांनी वाद घातला नाही. नवा सांधा घालून शाफ्ट परत बसवला. "नाक्यापर्यंत चल, नाही पटलं तर परत फिरू," एवढंच म्हणाले. ओस पडलेल्या नाक्यावर त्यांनी जीप उभी केली.

"आता कोन अडवतंय तुमाले?" मामीनं विचारलं.

"मीच अडवतोय," म्हणत ते खाली शिरले. तिला वाकून बघायला लावलं, शाफ्ट हातानं हलवून दाखवला. मामी गाडीत बसली. पुढे प्रत्येक खेपेला हेच. आईच्या शेवटच्या आजारपणात मामी वेळेत पोचली, आईनं तिला ओळखलं. फार मोठं ओझं उतरलं आमच्या सगळ्यांचं.

परवा भेटायला गेले तेव्हा मामी शांत होती. मी म्हटलं, मामा नाक्यावर थांबायला लागले म्हणून शाफ्ट पुन्हा तुटला नाही. ती हसली.

"शाफ्ट तर ते घरूनच पाहून निघत. निघायच्या आधीच त्यांच्या सदऱ्याले पाठीमागून माती लागेल राहे."

"मग नाक्यावर?"

"ते माझ्यासाठी. मले दिसलं पाहिजे म्हणून..." मामी म्हणाली. "मी कधी बोलली नाही. म्हटलं, थांबू दे."