पाण्यात पाहणारी दोन माणसं

आमचे काका-काकू एकमेकांना पाण्यात पाहत. हे मी नेहमीच्या अर्थाने म्हणते आहे आणि शब्दशःही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मधोमध काचेची टाकी होती. टाकीच्या एका बाजूला काकांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला काकूंचं शिलाई मशीन. दुपारी खिडकीतलं ऊन टाकीतून जाऊन छतावर हलत राहायचं, आणि पाण्यापलीकडचा माणूस थोडा लांबट, थोडा वाकडा, झोपेत दिसावा तसा दिसायचा. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा त्यांच्या अबोल्याला सात वर्षं झाली होती.

टाकीत एकच गोल्डफिश होती. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. काका जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होते. तिथे क्लोरीन घालण्याआधीचं पाणी एका टाकीतून खेळवत आणि त्यात मासे ठेवत. मासे सुस्तावले की पाण्यात काहीतरी गडबड आहे असं समजायचं. निवृत्त होताना काकांनी त्यातली ही एक मागून आणली.

त्याआधी दोघं भिंतीशी बोलत. बाईसाहेब आल्या आणि संसाराला कंठ फुटला. "बाईसाहेब, डाळ संपली म्हणावं," इति काकू. "बाईसाहेब, परवाच आणलेली म्हणावं," पलीकडून काका. बाईसाहेब तोंड उघडमीट करत, म्हणजे निरोप पोचला.

अबोल्याचं कारण मला आईकडून कळलं होतं. काकूंची आई अत्यवस्थ असल्याचा फोन केंद्रावर आला, त्या दिवशी नदीचं पाणी गढूळ होऊन आलं होतं. काकांनी निरोप पोटातच ठेवला आणि पाळी संपल्यावर घरी येऊन सांगितला. काकू पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. शहराला पाणी मात्र स्वच्छ मिळालं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाईसाहेबांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. त्या दगडांना अंग घासू लागल्या, मग त्यांनी खाणं टाकलं. काकांचा जीव टांगणीला लागला. काकूंनी शिवणाला हात लावला नाही. बाईसाहेब गेल्या तर या घरात कोण कोणाशी बोलणार, ही भीती आम्हा तिघांनाही होती, पण ती बोलून दाखवायची घरात सोय नव्हती.

टाक्या विकणाऱ्या दुकानदाराने निळं औषध दिलं आणि काकांना बजावलं, "हा परजीवी आहे. कातडीखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो सुटून तळाशी जातो, तिथे वाढतो. त्याची पिल्लं बाहेर पडली की तेवढी मरतात. ठिपके गेले म्हणून थांबू नका. चौदा दिवस रोज तळातलं पाणी उपसा. आणि उजेडात औषधाचा जोर जातो, टाकी झाकून ठेवा."

काकांनी टाकीवर जाड चादर टाकली. घर एकदम मुकं झालं. चादरीशी कोण बोलणार? दोन दिवस भांडीच काय ती वाजत होती.

तिसऱ्या दिवशी काका चादरीखाली डोकं घालून नळी तळाशी फिरवत होते. नळीचं दुसरं टोक बादलीत धरायला माणूस हवा होता. मी मुद्दाम पुस्तकात नाक खुपसलं. शेवटी काकूंनीच ते धरलं. बादली भरत आली, पाणी काठाला लागलं. काकूंनी चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या.

काका तसेच वाकून राहिले. नळी दाबायचं त्यांना सुचलंच नाही. निळसर पाणी फरशीवरून हळूहळू माझ्या पायांपर्यंत आलं.

मग रोज तेवढंच बोलणं होऊ लागलं. "ताजं पाणी चालेल का?" "नको, शिळंच हवं. क्लोरीन उडालेलं." "कोमट आहे का, हात घालून बघा." दोघांचे हात एकाच बादलीत असायचे.

सहाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "ठिपके गेले की."

"वरचे गेले," काका म्हणाले. "तळाशी आहे अजून."

"माझ्याही आहे."

काकांनी नळी दाबून धरली. "निरोप कोणाकडून तरी पाठवता आला असता," ते म्हणाले. "मला वाटलं, तू रडत केंद्रावर येशील आणि मला पाळी सोडावी लागेल. म्हणून नाही पाठवला."

"मी एकटी गेले असते."

"हो. आता कळतंय."

काकू बादली धरूनच रडल्या. मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

काकू कॅलेंडरवर रोज एक रेघ मारत होत्या. चौदा रेघा झाल्या, पंधरावा दिवस उजाडला, सोळावा आला. औषधाची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. तरी काका म्हणाले, "चादर अजून दोन दिवस राहू दे. जपलेलं बरं." काकूंनी कॅलेंडरकडे बघितलं आणि मान डोलावली.

मला राहवेना. मी चादरीचा कोपरा उचलला. बाईसाहेब ठणठणीत होत्या. लगेच काचेशी येऊन निरोपासाठी तोंड उघडमीट करू लागल्या.

काकूंनी माझ्या हातातून चादर घेतली आणि पुन्हा नीट खाली सोडली.

"त्यांना पडू दे जरा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आमचं दोघांचं ऐकलंय."